कॅन्यनचे फोटो सपाट का येतात? ऑक्टोबरात ग्रँड कॅन्यनला चाललोय, मदत हवी

वनाजचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे, लिहायची ही दुसरीच वेळ, सांभाळून घ्या. मुलगा फिनिक्सला असतो, ऑक्टोबरात मी आणि बायको महिनाभर त्याच्याकडे जातोय आणि त्यातले आठ दिवस ग्रँड कॅन्यन, मग पेज (अ‍ॅरिझोनातलंच एक गाव), ब्राइस, झायन (हे दोन्ही शेजारच्या युटातले नॅशनल पार्क) असं त्याने ठरवून टाकलंय. मागच्या वर्षी रिटायर झालो तेव्हापासून फोटोग्राफीचा किडा परत वळवळतोय.

आता अडचण सांगतो. गेल्या हिवाळ्यात हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याचे जवळजवळ तीनशे फोटो काढले. कड्यावर पालथं झोपून खाली बघितलं तेव्हा पोटात अक्षरशः गोळा आला होता. घरी येऊन टीव्हीवर लावले तर शेजारचे म्हणाले, छान आहे हो, कुठलं पठार? पठार! म्हणजे मी सहा तास चढून जी दरी बघितली ती फोटोत आलीच नाही, वर पांढरं आकाश, खाली करडा धूर आणि मध्ये काळी पट्टी. हेच जर ग्रँड कॅन्यनला झालं तर एवढा खर्च करून जाऊन काय उपयोग.

सामान: कॅननचा दहा वर्षांपूर्वीचा क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरवाला) डीएसएलआर, १८-५५ आणि ५५-२५० एमएम अशा दोन लेन्स (आकडा लहान तेवढी लेन्स वाइड, मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), आणि वाऱ्यात माझ्यापेक्षा जास्त हलणारा एक ट्रायपॉड. एक मित्र म्हणतो १०-१८ वाइड घेतल्याशिवाय जाऊच नकोस, नाहीतर कॅन्यन मावणारच नाही. घेऊ का? आणि ही खोली फोटोत आणायची कशी? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

तिरपा_उजेड

काका, १०-१८ चे पैसे वाचवा. मी तर म्हणेन तुमच्या कोकणकड्याचा घात १८ एमएमनेच केलाय. वाइड लेन्स लांबच्या गोष्टी अजून लांब ढकलते, आणि दरीत सगळंच लांब असतं, म्हणून समोरचा अख्खा कडा फोटोत बोटभर पट्टी होऊन बसतो. 'मावला पाहिजे' हा हट्टच सोडा. ग्रँड कॅन्यन ४४६ किलोमीटर लांब आहे, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद, ते कुठल्याच लेन्समध्ये मावत नाही, एक तुकडा उचलायचा.

तुमची ५५-२५० तिथे जास्त चालेल बघा. एकामागे एक सुळक्यांच्या रांगा, प्रत्येक रांग मागच्यापेक्षा थोडी गडद, असं शंभर-दोनशे एमएमला टिपलं की डोळा आपोआप एक एक पायरी मागे जात राहतो, खोली तिथून येते. वाइड वापरायचीच असेल तर पायाशी काहीतरी घट्ट हवं, वेडंवाकडं जुनिपरचं झाड, कठड्याचा कोपरा, तडा गेलेला खडक. कॅमेरा खाली आणा, १८ एमएमला एफ/८ (लेन्सचं छिद्र बऱ्यापैकी लहान) ठेवून साधारण दोन मीटरवर फोकस लॉक केला की जवळचं लांबचं सगळं धारदार येतं. पायाशी काही नसेल तर वाइड बॅगेतच बरी.

पण लेन्सपेक्षा मोठं कारण उजेड. कोकणकड्यावर किती वाजता होतात?

वनाजचा_वाटसरू

साडेअकरा ते दोन 🙈 वर पोचायलाच तेवढे वाजले.

तिरपा_उजेड

मग झालं की. डोक्यावर सूर्य असला की कड्याला सावलीच पडत नाही, आणि सावली नाही तर फुगवटा कुठे आणि खाच कुठे हे फोटोला कळणार कसं. तिथे तर अजून एक भानगड आहे. तुम्ही साउथ रिमवर, म्हणजे दक्षिणेच्या काठावर उभे राहून उत्तरेकडे बघणार. ऑक्टोबरात दुपारी सूर्य तुमच्या पाठीमागे दक्षिणेला असतो, म्हणजे समोरच्या कड्यांवर सरळ तोंडावर टॉर्च मारल्यासारखा उजेड. सकाळी तोच पूर्वेकडून आडवा येतो, संध्याकाळी पश्चिमेकडून, आणि प्रत्येक सुळक्याची एक बाजू उजळते, दुसरी निळ्या सावलीत जाते. म्हणून सूर्योदयाच्या आधी अर्धा तास ते नंतर तास-दीड तास, आणि संध्याकाळी तसंच उलट. ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे सूर्यास्त सहाच्या आसपास होतो, म्हणजे साडेचारला जाग्यावर पाहिजे. आणि सूर्य बुडाला की पब्लिक टाळ्या वाजवून निघून जातं, तुम्ही नका निघू, पुढची वीस मिनिटं आकाशाचा मऊ गुलाबी उजेड दरीत उतरतो आणि सावल्यांमधलं सगळं दिसायला लागतं. माझे त्या ट्रिपचे बरे म्हणावे असे चार फोटो आहेत, त्यातले तीन टाळ्यांनंतरचे.

सेटिंगचं थोडक्यात. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा. उजळ भाग जळू देऊ नका, सावली नंतर उचलता येते. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली, तांबड्या खडकावर संध्याकाळचं ऊन पडलं की साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो पण लाल चॅनल आधीच फुटलेला असतो, मग घरी येऊन बघावं तर खडकावर नुसता केशरी डाग, पोत गायब. म्हणून आरजीबी हिस्टोग्राम चालू ठेवा आणि लाल उजवीकडे भिंतीला टेकायला लागला की एक्सपोजर थोडं खाली. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर नको, डेलाइटवर, नाहीतर कॅमेरा तो सोनेरीपणाच पुसायला बघतो.

खडकवासल्याचा_खडूस

थोडक्यात, दुपारी १ ते ४ कॅमेरा बंद. आपल्याला सवय आहे.

बाकी काका, तो हलणारा ट्रायपॉड अमेरिकेला फिरवून आणण्यात काय पॉइंट आहे? दोन किलो वजनात भाकरवडी बसेल, मुलगा दुवा देईल. आजकालचे फोन बघा काय काढतात, आणि तसंही घरी आल्यावर एवढे फोटो बघतो कोण. आम्ही गेलो तेव्हा सौ. नी सांगितलेलं, पहिला अर्धा तास कॅमेरा बाहेर काढायचा नाही. त्या अर्ध्या तासात जे बघितलं तेच आठवतंय, बाकीचं हार्ड डिस्कमध्ये आहे, आणि ती डिस्क कुठल्या कपाटात आहे ते माहीत नाही.

अलका_फिरतीवर

खडूसराव नेहमीप्रमाणे अर्धं बरोबर 😄 ट्रायपॉड न्याच हो, पहाटेच्या अंधारात हातात धरून काही होत नाही. फक्त मधला दांडा वर काढू नका आणि खाली पिशवीत दगड नाहीतर पाण्याच्या बाटल्या भरून टांगा, ती पिशवी जमिनीला टेकलेली हवी नाहीतर वाऱ्यात झोका घेते आणि होता त्यापेक्षा जास्त हलतं.

आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्येच गेलो होतो त्यामुळे व्यवहाराचं सांगते. फिनिक्सहून साउथ रिम साडेतीन-चार तास. मार्चपासून नोव्हेंबर अखेरपर्यंत हर्मिट रोडवर स्वतःची गाडी नेऊ देत नाहीत, पार्कची फुकट शटल असते, आणि संध्याकाळचे गाजलेले होपी पॉइंट, मोहावे पॉइंट त्याच रस्त्यावर. परतीची शेवटची बस कधी ते आधीच बघून ठेवा कारण सूर्यास्तानंतर तिथे बाणेर रोडला ऑफिस सुटल्यासारखी रांग लागते. मी तर सांगीन मुलाची गाडी आहे तर एक संध्याकाळ उलट दिशेला डेझर्ट व्ह्यूच्या रस्त्याला जा, तिथे स्वतःची गाडी चालते. लिपन पॉइंटवरून खाली कोलोरॅडो नदीचं वळण दिसतं. गावाजवळच्या मेदर पॉइंटवरून नदी जवळजवळ दिसतच नाही, बरेच लोक तिथूनच परत जातात आणि मग विचारतात नदी कुठे होती.

थंडी! वाळवंट वाळवंट म्हणून मी सुती कपडे घेऊन गेले. साउथ रिम २१०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून साडेचारशे मीटर वर, ऑक्टोबरच्या पहाटे गोठायच्या जवळ जातं. ब्राइस त्याहून उंच, त्याहून गार. कॅमेऱ्याची बॅटरी थंडीत भराभरा उतरते, जास्तीची बॅटरी आतल्या खिशात अंगाजवळ ठेवायची. आणि गार कॅमेरा एकदम गरम खोलीत बॅगेबाहेर काढला की काचेवर दव धरतं, तासभर बॅगेतच राहू द्या.

आता माझी फजिती. अ‍ॅरिझोनात घड्याळ पुढेमागे करत नाहीत पण युटात करतात, त्यामुळे ऑक्टोबरात युटा एक तास पुढे. आमच्या ह्यांचं मनगटावरचं घड्याळ अ‍ॅरिझोनाचं, अलार्म त्याच्यावरच. ब्राइसचा सूर्योदय बघायला आम्ही ऐटीत पोचलो तर लोक ट्रायपॉड गुंडाळून कॉफी प्यायला निघालेले. आणि ब्राइसची ती अर्धगोल, वाटीसारखी दरी पूर्वेला तोंड करून आहे, तिथली सगळी मजा सकाळचीच, पहिलं ऊन त्या दगडी सुळक्यांमध्ये शिरलं की ते आतून पेटल्यासारखे दिसतात म्हणे. म्हणे!! मी बघितलंच नाही ना. अजून ह्यांना ऐकवते.

फीचं पण बघा. २०२६ पासून परदेशी नागरिकांना ग्रँड कॅन्यन, ब्राइस, झायन धरून अकरा पार्कांत सोळा वर्षांवरच्या माणशी १०० डॉलर जास्तीचे लावलेत, नाहीतर २५० डॉलरचा वर्षाचा पास. तुम्ही तिन्ही करताय तर पासच परवडणार, पण कुणाकुणाला चालतो ते मुलाला नीट वाचायला सांगा.

बेसाल्टप्रेमी

छान चर्चा. मी फोटोग्राफर नाही, दगडवाला आहे, पण काय बघतोय ते कळलं की फोटोही सुधारतो असं माझं मत, म्हणून लिहितो.

आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, आणि सगळे कमीजास्त काळेच. त्यामुळे कोकणकड्याच्या फोटोत रंगाची मदत मिळत नाही, तिथे फक्त उजेड आणि ढग कामाला येतात. ग्रँड कॅन्यन गाळाच्या खडकांचं, दर थराचा रंग वेगळा. वरचा फिकट कैबाब चुनखडक सुमारे सत्तावीस कोटी वर्षांचा, आणि तळाशी नदीकाठचा काळपट विष्णू शिस्ट (हा मात्र रूपांतरित खडक) पावणेदोनशे कोटींच्या आसपासचा. कठीण थर उभा तुटतो, मऊ थर उतार होऊन घसरतो, म्हणून कडा-उतार-कडा-उतार अशा पायऱ्या दिसतात. तिरपा_उजेड यांनी पायरी म्हटलंय ती अक्षरशः पायरी आहे. आडवं ऊन आलं की उभे थर उजळतात आणि उतार सावलीत राहतात, तेव्हा क्लिक करा. खोलीचा अंदाज हवा तर, आपला तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर, तो बुडख्यापासून अख्खा त्या दरीत उभा केला तरी डोकं काठाच्या खालीच राहील, दरी दीड किलोमीटरहून जास्त खोल आहे.

आणि हो, विष्णू शिस्ट ही माझी चूक नाही 🙂 तिथल्या सुळक्यांना विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल, झोरोआस्टर टेंपल, कृष्णा श्राइन, रामा श्राइन अशी नावं आहेत. क्लॅरन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात ही पद्धत पाडली, त्याला ते आकार पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले. काकू बरोबर आहेत तर नकाशा घेऊन एकेक देऊळ शोधा आणि तेच दोनशे एमएमला टिपा. 'अख्खी दरी' पेक्षा 'ब्रह्मा आणि त्याच्या शेजारी झोरोआस्टर' हा फोटोचा विषय म्हणून कितीतरी सोपा आहे.

अजून एक, राहवत नाही म्हणून. ब्राइट एंजल पायवाटेच्या तोंडाशी कोल्ब बंधूंचा स्टुडिओ अजून उभा आहे, त्यांनी १९०४ मध्ये थाटलेला. खेचरावर बसून दरीत उतरणाऱ्या लोकांचे सकाळी निघतानाच फोटो काढायचे, आणि संध्याकाळी ते परत येईपर्यंत छापील प्रत तयार. पण काठावर फोटो धुवायला स्वच्छ पाणी नव्हतं! मग धाकटा एमरी फोटो टिपलेल्या काचा (तेव्हाची फिल्म) घेऊन सात किलोमीटर खाली झऱ्यापर्यंत पळायचा, तिथे डेव्हलप करायचा, आणि तेवढंच वर चढून खेचरांच्या आधी पोचायचा. हे रोज. आणि आपण रॉ फाइल कॉपी व्हायला वेळ लागतो म्हणून कुरकुरतो.

तिरपा_उजेड

एमरीची गोष्ट भारी. आजपासून एडिटिंगचा कंटाळा आला की हेच आठवणार.

काका, धुक्याचं राहिलं. हवेत धूसरपणा असतोच, शरद ऋतूत तिथे जंगलात मुद्दाम लावलेल्या आगींचा धूरही कधी कधी दरीत बसतो. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चमक आणि धूसरपणा कमी करणारा फिल्टर) उपयोगी पडतो, पण १८ एमएमला लावलात तर आकाशात मध्येच गडद ठिगळ येतं, त्यापेक्षा लांबच्या लेन्सवर लावा. आणि एडिटिंगमधला डिहेझ (धूसरपणा काढायची सोय) चिमूटभर, हिंगासारखा. नाहीतर खडक जिलबीच्या रंगाचे होतात आणि फॅमिली ग्रुपवर सगळे वाव वाव म्हणतात आणि तुम्हाला वाटतं जमलं.

पेजला जाताय म्हणजे अँटिलोप कॅन्यन असणारच. ते नॅशनल पार्कात नाही, नवाहो लोकांच्या जमिनीवर आहे, गाइडशिवाय आत सोडत नाहीत आणि ट्रायपॉड नेऊ देत नाहीत. वरून पडणारे ते उजेडाचे खांब उन्हाळ्यात दुपारच्या सुमाराला मिळतात, ऑक्टोबरात आशा सोडा, पण काही बिघडत नाही. तिथला खरा उजेड भिंतीवरून भिंतीवर उड्या मारत खाली येतो आणि प्रत्येक उडीला जास्त तांबडा होतो. आकाशाचा तुकडा फ्रेममध्ये अजिबात घेऊ नका, तेवढा एक पांढरा डाग सगळं बिघडवतो. आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारं सेटिंग) बिनधास्त वाढवा.

अलका_फिरतीवर

सांदण दरीत गेलेल्यांना अँटिलोप ओळखीची वाटेल, फक्त सांदण काळी म्हणून तिथे उजेड उड्या मारत नाही, गिळला जातो. आणि सांदणचा पावसाळ्याचा नियम तिथेही लागू. १९९७ च्या ऑगस्टमध्ये लांब कुठेतरी पाऊस पडला आणि लोअर अँटिलोपमध्ये एकदम लोंढा येऊन ११ पर्यटक गेले. गाइडने ऐनवेळी रद्द केलं तर वाद घालू नका. काठावर पण जपून हो काका, सगळीकडे रेलिंग नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकायचं नाही, आधी डोळा काढायचा मग पाय.

खडकवासल्याचा_खडूस

हे मात्र शंभर टक्के. आणि ड्रोन घेऊन जाऊ नका, नॅशनल पार्कात बंदी आहे. मुलाकडे असेल तर घरी ठेवायला सांगा.

काका, इतकं ऐकलंत तर एक काम करा. विमानात बसायच्या आधी आपल्या इथेच सराव करा. सिंहगडावर पहाटे जा, समोर राजगड-तोरणा आहेत, रांगांवर रांगा फुकट. नाहीतर निघोजचे रांजणखळगे, कुकडीने खडकात कोरलेत, गाडीने दोन-अडीच तास. तिथे जमलं नाही तर अ‍ॅरिझोनात काय डोंबल जमणार.

वनाजचा_वाटसरू

मंडळी, उशिरा लिहितोय, पण रिकाम्या हाताने आलो नाही.

खडूस साहेबांचं ऐकून परवा साडेपाचला सिंहगड गाठला. पहिला तासभर ढगात होतो, समोर पांढऱ्या चादरीशिवाय काही नाही, बायको म्हणाली हेच करायचं होतं तर घरी पडदा लावून बसलो असतो. मग साडेसातला एकदम फाटलं. सवयीने हात १८-५५ कडेच गेला हो, तीन-चार काढले, तेच ते पठार. मग ५५-२५० चढवली आणि नुसता तोरणा घेतला. खाली ढग, त्याच्या पुढची टेकडी काळी, मधली निळी आणि डावीकडून ऊन पडल्यामुळे माचीची एक बाजू चमकतेय आणि दुसरी अंधारात. काढताना काही विशेष वाटलं नाही, घरी मोठ्या स्क्रीनवर लावलं तेव्हा पाच मिनिटं बघत बसलो. शेजारच्यांना मुद्दाम बोलावून दाखवला. म्हणाले, बापरे, केवढी दरी आहे ही!! दरी म्हणाले. नंतर वर पिठलं-भाकरी दोनदा खाल्ली ते वेगळं.

तर १०-१८ कॅन्सल, त्या पैशात बायकोला जाड जॅकेट. मुलाला फी आणि युटाच्या घड्याळाचं कळवलंय, तो म्हणाला बाबा तुम्हाला हे कोणी सांगितलं, मी म्हटलं आमचे सोर्सेस आहेत.

आता एकच शंका. मोजमापासाठी फ्रेममध्ये माणूस हवा असं मी कुठेतरी वाचलंय. बायकोला म्हटलं तू लाल शाल घेऊन कड्याच्या टोकाला उभी राहा, मी काढतो. ती म्हणतेय, मी टोकापासून दहा फूट आत उभी राहणार, पाहिजे तर तू पलीकडच्या पॉइंटवर जा आणि तिथून झूम कर. असं चालेल का?

तिरपा_उजेड

चालेल काय, तसंच करायचं असतं. शेजारच्या पॉइंटवरून दोनशे-अडीचशे एमएमला घेतलं की काकू सुरक्षित दहा फूट आत असल्या तरी फोटोत कड्यावरच वाटतील, आणि मागचा सुळका त्यांच्या डोक्यावर हत्तीएवढा येईल. फक्त फोनवर बोलत राहा, कुठल्या बाजूला सरकायचं ते ओरडून ऐकू जाणार नाही.

खडकवासल्याचा_खडूस

वहिनींना कॅमेरा द्या आणि शाल तुम्ही घ्या.